दावणीला बांधलेली होडी

"पोरगी समुद्राच्या काठी, अन् तुम्ही इथं निवांत चहा पिऊन राह्यले!" असं म्हणत मानीबाई ओसरीवर येऊन बसली आणि जमनाबाईच्या हातातली बशी कलंडली.

मानीबाई ही डोंगरसिंग राठोडांची थोरली बहीण, म्हणजे जमनाबाईची नणंद. पुसदजवळच्या त्यांच्या बंजारा तांड्यावर कुणाच्या पोरीनं किती शिकावं आणि कुणाच्या बैलाला काय चारावं, हे ठरवायचा अधिकार तिला कुणीही दिलेला नव्हता. पण तो तिच्याकडून काढून घ्यायची हिंमतही कुणात नव्हती. डोंगरसिंग साऱ्या गावाला अक्कल शिकवायचे, पण या बहिणीपुढे त्यांचा आवाज अर्धा व्हायचा.

"काय झालं बाई?" त्यांनी अर्ध्या आवाजात विचारलं.

"काल टीव्हीवर पाह्यलं. तिकडं कोकणात होडी उलटली. धा माणसं पाण्यात."

"पण आपली उज्ज्वला होडीत कायले बसन? तिची शाळा तं खोलीच्या समोरच हाय. दारातून दिसते म्हणते."

"तुम्ही पाह्यली काय?"

आता आली का पंचाईत! पाहिली तर कुणीच नव्हती. उज्ज्वला जिल्हा परिषदेची मास्तरीण होऊन कोकणात गेली त्याला दोन वर्षं झाली होती, आणि दोन वर्षांत शेतीच्या रगाड्यातून कुणाला तिकडं जायला जमलं नव्हतं. जाताना जमनाबाईनं लेकीचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून तिला शपथ घ्यायला लावली होती. "पाण्यात पाय टाकणार नाही म्हण. ज्या दिवशी टाकशीन त्या दिवशी नोकरी सोडून घरी." जमनाबाईला पाण्याचं फार भेव. पूस नदीला गुडघाभर पाणी असलं तरी ती पुलावरून जायची, आणि पुलावरूनही डोळे मिटून. उज्ज्वलानं बिचारीनं शपथ घेऊन टाकली. शाळा कोणती मिळणार हे तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं.

शाळा मिळाली ती खाडीच्या पलीकडे. खोली अलीकडे. म्हणजे "शाळा खोलीच्या समोरच आहे, दारातून दिसते" हे वाक्य अक्षरशः खरं होतं. मधे तेवढी एक खाडी होती. पूल लांब, रिक्षा महाग, म्हणून पोरगी रोज सकाळी होडीत बसायची आणि नेमका त्याच वेळी याडीचा फोन यायचा. तांड्यावर आईला याडी म्हणतात.

"हा कायचा आवाज होऊन राह्यला वं?" जमनाबाई विचारायची.

"पिठाची गिरणी हाय याडी. शाळेच्या बाजूलेच."

दोन वर्षं त्या गिरणीत दळण दळलं गेलं. पण आता मानीबाई ओसरीवर बसली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती. "दिग्रसच्या एका मास्तरचं स्थळ हाय माह्या पाह्यण्यात. पोरगी घेऊनच या," ती म्हणाली.

जमनाबाईनं सांडलेला चहा पुसला आणि नवऱ्याकडे पाहिलं. "सोयाबीन निघालं आता. चला. पाण्याचं काही दिसलं तं पोरीले घेऊनच वापस यायचं. मंग नोकरी गेली उडत."

नवऱ्यानं मान हलवली. जमनाबाई एरवी फार बोलायची नाही. पण जे बोलायची ते करायची, हे तांड्यावर सगळ्यांना माहीत होतं.

एसटी, रेल्वे, पुन्हा एसटी असं करत दोघं कोकणात उतरली तेव्हा शनिवारची संध्याकाळ झाली होती. उज्ज्वलानं सगळी तयारी करून ठेवली होती. खाडीकडचं दार बंद, त्याच्यापुढे कपाट, कपाटावर गोधड्यांचा ढीग. पण जमनाबाईनं पहिलीच मागणी केली, "ते दारातून शाळा दिसते म्हणत होती, दाखव."

कपाट सरकवावं लागलं.

"इथं तं पाणीच पाणी हाय वं!"

"त्याच्या पलीकडं लाल कौलं दिसते ना, तेच शाळा."

"अन् जातं कशी?"

"रस्ता हाय ना. जरासा फिरून हाय. रिक्षानं जातो. उद्या रविवार, आराम करा. परवा तुम्हाले रिक्षानंच नेतो."

जमनाबाईनं पाण्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि जेवायला काय करतेस म्हणून विचारलं. उज्ज्वलाचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथं रात्रभरच राहिला.

कारण डोंगरसिंग पहाटेच उठून, तोंडात कडुलिंबाची काडी घेऊन धक्क्यावर फिरायला गेले. बाजारपेठेतून त्यांनी काथ्याचं एक जाड, नवंकोरं दोरखंड घेतलं. असं दावं आपल्या बैलांना आख्ख्या पुसदमध्ये मिळणार नाही, अशी त्यांची खात्री पटली होती. आणि परत येताना ते नुसतं दोरखंड घेऊन आले नाहीत, होडी ठरवून आले.

"स्पेशल होडी! फक्त आपल्यासाठी!" दारातूनच त्यांनी जाहीर केलं. "किल्ला दाखवणार, पक्षी दाखवणार, खाडीच्या मधात बेट हाय, त्याच्यावर देवीचं देऊळ दाखवणार!"

"बा, तुम्ही मले इचारायचं तरी!" उज्ज्वलाचा चेहरा उतरला.

"कायले इचारायचं? अवं आपले पणजे-खापरपणजे बैलाच्या पाठीवर मीठ लादाले याच समुद्रावर येत होते. हे पाणी आपल्या रक्तात हाय!"

"मीठ रक्तात असन. पाणी नाही," जमनाबाई म्हणाली. "मी होडीत बसत नाही."

उज्ज्वलाला बरं वाटलं. पण डोंगरसिंग काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "जागृत देवी हाय म्हणते," ते हळूच म्हणाले. "लेकरावर संकट असलं का नारळ फोडते लोकं. दाराशी येऊन देवीले पाठ दाखवतं का?"

संपलं! देवीला नाही म्हणायची जमनाबाईची काय बिशाद? तिनं पदर पुढे ओढला, नारळ पिशवीत टाकला आणि म्हणाली, "मी डोळे उघडणार नाही. पोचलो का सांगा."

धक्क्यावर येताच उज्ज्वलानं होडी ओळखली. डोंगरसिंगांनी ठरवलेली होडी होती शाम तांडेलाची. रोज तिला शाळेत नेणारी तीच होडी, तोच तांडेल, आणि इंजिनही तेच. ती धावतच पुढे गेली.

"शामदादा, हात जोडते. आज तुम्ही मला ओळखत नाही."

"कित्याक बाई? माझी काय चूक झाली?"

"आईला कळलं मी रोज होडीनं जाते, तर नोकरी सोडून घरी जावं लागेल. आज मी पाहुणी."

शाम तांडेलानं छातीवर हात ठेवला. "ओळखतच नाय. बसा."

आता एखादी गोष्ट लपवायची म्हणजे गप्प बसायचं, एवढं साधं असतं. पण शाम तांडेल उत्साही माणूस. होडी धक्क्यापासून दहा हात गेली नाही तोच तो मोठ्यानं म्हणाला, "पावणीबाई, तुमचा नाव काय म्हणालात? पयल्यांदाच होडयेत बसतास मा? घाबरू नकात हां!"

उज्ज्वलानं डोळे वटारले. त्याला वाटलं, अजून कमी पडतंय. मग त्यानं तिला होडीत कसं बसायचं, वाकून पाण्यात हात कसा घालायचा नाही, हे सगळं समजावून सांगितलं. दोन वर्षांत तो तिच्याशी एवढं बोलला नव्हता.

जमनाबाई मधल्या फळीवर पदरानं तोंड झाकून बसली होती. इंजिनानं लय धरली तशी पदराच्या आतून आवाज आला, "हे तं तुह्या गिरणीसारखंच वाजून राह्यलं वं."

"सगळे इंजिनं सारखेच असते याडी."

"बराबर हाय," डोंगरसिंग म्हणाले. "आपल्या विहिरीवरचंबी असंच वाजते." उज्ज्वलाला वडिलांचा एवढा आधार आजवर कधी वाटला नव्हता.

किल्ला आला. किल्ला म्हणजे एक बुरूज आणि त्यावर उगवलेला वड. डोंगरसिंगांनी त्याचा फोटो काढला. तिवरांच्या झाडीत बगळे बसले होते, त्यांचाही काढला. तेवढ्यात समोरून एक छोटी होडी आली. तीत मासळीची पाटी घेऊन एक बाई बसलेली. तिनं लांबूनच हात उंचावला.

"बाईनूऽऽ! उद्या पयल्या होडयेन येव नकात! पाणी कमी आसतला! दुसऱ्या होडयेन येवा!"

"काय म्हणून राह्यली ते?" पदर विचारता झाला.

"मासे घेता का म्हणते," उज्ज्वला म्हणाली.

"इतक्या लांबून?"

"इथं असंच इकते."

उज्ज्वलानं बोटांवर हिशेब केला. आता किती वेळ उरला? बेटावर जायचं, नारळ फोडायचा, परत यायचं. परतीच्या वाटेवर ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून ती मनातल्या मनात देवीला विनवायला लागली. देवीनं ऐकलं, पण वेगळंच काहीतरी ऐकलं. इंजिन दोनदा खोकलं, एकदा उसळलं आणि खाडीच्या अगदी मध्यावर बंद पडलं.

"गिरणी बंद पडली का?" जमनाबाईनं विचारलं.

"घाबरू नकात, पावण्यांनू," शाम तांडेल म्हणाला. "वायच थांबा. ह्येची सवयच आसा."

तो हॅन्डल घेऊन उठला, पण त्याच्या आधी डोंगरसिंग बाह्या सरसावून इंजिनापाशी पोचले होते. "सरका. हवा धरली हवा. माह्या विहिरीवरचं इंजिन असंच करते. नट ढिला केला, हवा काढली, का झालं."

"ओ काका, हात लावू नकात!"

"अहो मी तीस वर्षं हेच करून राह्यलो!"

त्यांचं निदान अगदी बरोबर होतं, हे सांगितलंच पाहिजे. नट ढिला केला तसा फस्सकन आवाज आला आणि हवा निघून गेली. फक्त नटाखालचं तांब्याचं वायसरही टुणकन उडालं, होडीच्या काठावर एकदा आपटलं आणि सरळ पाण्यात गेलं. विहिरीवर वायसर उडालं तर ते मातीत पडतं, हुडकलं की सापडतं. डोंगरसिंग सवयीनं वाकून खाली पाहायला लागले. खाली पंधरा हात पाणी होतं.

"वायसरच तं होतं," ते म्हणाले.

"ता वायसर नसला तर डिझेल भायर वाहता," शाम तांडेल दातावर दात दाबून म्हणाला. एका शब्दानंही जास्त न बोलता त्यानं वल्हं घेतलं. भरतीचं पाणी अजून आत सरत होतं, त्याच्या आधारानं त्यानं होडी बेटाच्या दगडी धक्क्याला लावली. बेटावर पाच-सहा घरं होती आणि त्यातल्या एकाकडे असंच इंजिन होतं.

त्यानं होडीची दोरी धक्क्यावरच्या दगडी खांबाला लांबलचक सोडून बांधली. रोजच्यासारखी गोष्ट असती, तर तो म्हणाला असता, "बाई, दोरयेकडे बघा." पण आज बाई पाहुणी होती आणि काकांशी बोलायची त्याला इच्छा नव्हती. तो गुपचूप वायसर शोधायला गेला.

"चल याडी, आलं देऊळ," उज्ज्वला म्हणाली.

पदर थोडासा वर झाला. होडी आणि धक्का यांच्यामधलं हलतं पाणी जमनाबाईला दिसलं. पदर खाली आला. "मी इथंच बसतो. तू नारळ फोडून ये."

होडी लांब दोरीवर सुरक्षित होती. उज्ज्वला नारळ घेऊन पायऱ्या चढून गेली आणि मधल्या झाडांआड दिसेनाशी झाली.

डोंगरसिंग मागे राहिले. त्यांनी होडीकडे पाहिलं. होडी जरा इकडे जात होती, जरा तिकडे जात होती. त्यांनी दोरीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. असं ढिलं दावं कुणी बांधतं? गोऱ्हाही असा बांधला तर पाय अडकून पडेल! तीस वर्षांत त्यांच्या गोठ्यातलं एकही जनावर सुटलं नव्हतं, कारण डोंगरसिंग दावं आखूड बांधायचे आणि गाठ अशी मारायचे की बैलानं रात्रभर हिसके दिले तर ती अजून घट्ट व्हावी. त्यांनी पिशवीतून नवंकोरं काथ्याचं दोरखंड काढलं, होडीचं नाक धक्क्याला भिडेपर्यंत ओढलं, आणि नाकाची कडी खांबाच्या वरच्या टोकाशी आवळून टाकली. तांडेलाची दोरी सोडून, गुंडाळून होडीत ठेवली. होडी जागच्या जागी गप्प उभी राहिली.

"आता हालणार नाही," ते समाधानानं म्हणाले. "अन् तूबी हलू नको. होडीत हाललं का होडी उलटते. मी येईपर्यंत हालायचं नाही अन् बोलायचंबी नाही. समजलं?"

पदरानं मान डोलावली.

पाणी तेव्हा काठोकाठ भरलेलं होतं. ते दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, हे डोंगरसिंगांना ऐकून माहीत होतं. पण त्यांच्याकडची विहीर उन्हाळ्यात उतरते आणि पावसाळ्यात चढते. दुपारच्या जेवणाच्या आत पाणी माणसाएवढं खाली जातं, हे रक्तात मीठ असूनही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

देवळात पुजारी भेटला. पुजाऱ्याला मिठाच्या व्यापारात रस होता किंवा तो सभ्य होता. डोंगरसिंगांनी त्याला खापरपणजोबांपासून सगळं सांगितलं, आणि त्यात सकाळ सरत गेली. उज्ज्वलानं दोनदा "बा, चला" म्हटलं. तिसऱ्यांदा ती एकटीच खाली निघाली आणि झाडांतून बाहेर येताच तिच्या हातातली नारळाची वाटी खाली पडली.

पाणी निघून गेलं होतं आणि होडी खांबाला लटकली होती. नाक वर आभाळाकडे, शेपूट खाली पाण्यात. वल्हं, पिशवी, पाणी उपसायचा डबा, सगळं घसरून शेपटाशी गोळा झालं होतं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध दोन्ही हातांनी फळी कवटाळून जमनाबाई बसली होती. शेपटाचा काठ पाण्याला टेकायला वीतभर उरला होता. तिच्या तोंडावरचा पदर केव्हाच सरकला होता. डोळे सताड उघडे होते. तोंडातून मात्र आवाज नव्हता.

"याडीऽऽ! आवाज काहून नाही देल्ला?"

"तुह्या बापानं सांगतलं, हालायचं नाही, बोलायचं नाही," जमनाबाई ओठ न हलवता म्हणाली.

मागून डोंगरसिंग धापा टाकत आले आणि खांबाशी झटले. पण गाठ तर त्यांच्याच हातची. आख्ख्या होडीचं वजन तिच्यावर आलेलं. ती दगड झाली होती.

"सुटत नाही वं! माहीच गाठ, मलेच सुटत नाही!" त्यांचा आवाज मानीबाईपुढे होतो त्याहूनही लहान झाला होता. काठाशी पाणी चुबकलं आणि पहिली लाट आत आली. "जमना! हात सोडू नको! अरे कोणी हाय का!"

कुणी नव्हतं. शाम तांडेल वायसर घेऊन टेकडीपलीकडच्या घराशी बसला होता. उज्ज्वला क्षणभर उभी राहिली. समोर याडी होती आणि मधे पाणी. दोन वर्षांची शपथ, दोन वर्षांचं खोटं, नोकरी, सगळं त्या एका पावलावर होतं. तिनं चपला काढल्या, ओढणी कमरेला खोचली आणि धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून, कुठली पायरी निसरडी आहे ते न पाहताच, भराभरा उतरून छातीभर पाण्यात शिरली.

"उज्ज्वलाऽऽ!" जमनाबाई आता ओरडली.

पोरगी चार हात मारून होडीशी पोचली, काठाला लोंबकळून आत चढली, आईच्या कमरेला एका हातानं मिठी मारली आणि दुसऱ्यानं फळी धरली. "बा, चाकू काढा! दोर कापा!"

"नवं दावं हाय वं, एकडाव सोडवून..."

"काऽऽपा!"

असा आवाज डोंगरसिंगांनी लेकीचा कधी ऐकला नव्हता. त्यांनी सुपारी कातरायचा चाकू काढला आणि काथ्यावर चालवला. काथ्या अस्सल होता. एकेक पीळ तुटायला लागला. शेवटचा तुटला तसं होडीचं नाक धाडकन पाण्यावर आदळलं, दोघी मायलेकी नखशिखांत भिजल्या आणि होडी सरळ झाली. सरळ होताच ओहोटीनं तिला ओढलं आणि ती समुद्राच्या तोंडाकडे निघाली.

"अरे! होडी चालली!" डोंगरसिंग धक्क्यावरून धावले. पण धक्का संपला. त्यांच्या हातात कापलेल्या दोराचा तुकडा राहिला.

उज्ज्वलानं वल्हं उचललं. इंजिनाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. "याडी, सरक. उजव्या अंगाले."

"हालू?"

"हाल!"

जमनाबाई हलली. होडी उलटली नाही. "आता तो डबा घे अन् पाणी बाहीर फेक," लेक म्हणाली, आणि पूस नदी डोळे मिटून ओलांडणारी जमनाबाई डोळे उघडे ठेवून खाडीचं पाणी खाडीत फेकायला लागली. ओढीशी न भांडता उज्ज्वलानं होडी तिरकी धरली. दंड दुखत होते, तिवरांची रांग भराभर मागे जात होती, आणि समुद्राचं तोंड समोर रुंद होत होतं. जमनाबाईनं एकदा तिकडे पाहिलं आणि जोरजोरात पाणी उपसायला लागली. हळूहळू पलीकडचा काठ जवळ आला. एक उतार आला आणि होडी चिखलात घसटत थांबली.

काठावर एक म्हातारा जाळं विणत बसला होता. त्यानं मान वर केली. "बाईनू, आज रविवारच्या शाळेक? नि इंजान परत बंद पडला वाटता!"

आता लपवायला काही उरलं नाही. उताराच्या वर लाल कौलांची शाळा उभी होती. उज्ज्वलानं आईला हात धरून वर नेलं आणि पायरीवर बसवलं. दोघींच्या कपड्यांतून पाणी गळत होतं. जमनाबाईनं पदर पिळला. समोर पाण्यापलीकडे, उज्ज्वलाच्या खोलीचं निळं दार दिसत होतं.

"दिसते तं खरं," ती म्हणाली.

उज्ज्वलानं मान खाली घातली.

"अन् गिरणी कोठी हाय?"

"गिरणी नाही याडी."

"रोज असं हातानं वल्हवतं?"

"इंजिन बंद पडलं तरच. शामदादा थकले का मी धरतो. त्यायनंच शिकवलं. पोहणंबी." तिला रडू फुटलं. "मी खोटं बोलली. तुह्या डोक्यावर हात ठेवून बोलली. तू म्हणशीन तं मी आजच सामान बांधतो. पण याडी, ही पोरं मले सोडवत नाही वं. अन् हे पाणीबी."

जमनाबाईनं लेकीचा हात घेतला. तळव्यावर वल्ह्याचे घट्टे होते. ते तिनं अंगठ्यानं चाचपून पाहिले. कापूस वेचणाऱ्या हाताला घट्टे ओळखू येतात.

"तुह्या बापानं मले सांगतलं, हालू नको," ती सावकाश म्हणाली. "मी नाही हालली. होडी उलटी होऊन राह्यली, पाणी आत येऊन राह्यलं, तरी नाही हालली. अशी ऐकणारी बाई मी. बुडली असती तरी बोलली नसती." ती थांबली. "मीबी तुले तेच सांगून ठेवलं होतं ना? पाण्यात पाय टाकू नको म्हून. तू ऐकलं असतं तं मी आता कोठी असती वं?"

आणि मग दोघी जणी त्या पायरीवर बसून रडल्या. मधेच जमनाबाईला हसू आलं, कारण पाण्यावरून बारीकसा आवाज येत होता. बेटाच्या धक्क्यावर एक माणूस दोराचा तुकडा हलवत ओरडत होता, "या कोणीऽऽ! मले घ्याले याऽऽ!"

"जातं का घ्याले?" जमनाबाईनं विचारलं.

"पाणी चढल्याशिवाय जाता येत नाही."

"मंग राहू दे. बांधून ठेवलंय त्यायले देवीनं."

पाणी चढलं, तेव्हा शाम तांडेल दुसऱ्याच्या होडीतून डोंगरसिंगांना घेऊन आला. वाटेत त्यानं त्यांना एकच प्रश्न विचारला होता, "होडी कोणी टांगल्यान?" तेव्हा डोंगरसिंगांनी दोराचा तुकडा पाठीमागे लपवला होता. ते उतरले तेच भेदरून आणि संतापून उतरले. बायको जिवंत दिसली तसे डोळे भरून आले. ते लपवायला त्यांनी आवाज चढवला.

"बस झालं! ही नोकरी बंद! उद्याच्या उद्या सामान बांध. असल्या पाण्याच्या मुलखात माही पोरगी एक दिवस..."

"लखनचे बा," जमनाबाई पायरीवरून उठली. उज्ज्वलाच्या भावाच्या नावानं ती नवऱ्याला हाक मारायची, पण या आवाजात आजवर कधी मारली नव्हती. "इथं बसा. हालायचं नाही. अन् बोलायचंबी नाही."

डोंगरसिंग बसले. शाम तांडेलानं नवं वायसर इंजिनात बसवलं आणि पाहुण्या बाईकडे पाहिलं. "बाई, आता ओळखू काय?" त्यानं हळूच विचारलं.

परत जाताना जमनाबाई होडीत उघड्या तोंडानं बसली. भेव गेलं होतं असं नाही. फळी तिनं शेवटपर्यंत सोडली नाही. पण लेक कुठं पाहते ते ती पाहत होती.

दोघं तांड्यावर परतली तर मानीबाई ओसरीवर हजर. जणू ती तिथून उठलीच नव्हती.

"पोरगी कोठी हाय? आणली नाही?"

"तिले शाळा हाय," जमनाबाईनं पिशवी खाली ठेवली.

"अन् पाण्याचं? खरं सांग. किती दूर हाय तिची शाळा?"

डोंगरसिंगांनी तोंड उघडलं. जमनाबाईनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं.

"दूर कायची बाई," जमनाबाई चुलीकडे जात म्हणाली. "खोलीच्या समोरच हाय. दारातून दिसते. बाजूले एक पिठाची गिरणीबी हाय, मी सोता आवाज ऐकला."

मानीबाईनं भावाकडे पाहिलं, पण भाऊ गोठ्याकडे निघाला होता. तिथं दोन्ही बैल नेहमीसारखे खुंट्याला नाक लावून उभे होते. डोंगरसिंग त्यांच्यापुढे जरा वेळ उभे राहिले. मग खाली बसून त्यांनी मोठ्या कष्टानं आपलीच गाठ सोडवली आणि दावं हातभर लांब करून पुन्हा बांधलं.